अपघात नव्हता तो

"कुणी विचारलं तर अपघात सांगायचं."

मम्मी हे बोलली तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते, साल २००५, मी पंधरा वर्षांची. बाहेर पप्पा पोलिसांशी बोलत होते, आतल्या खोलीत आजी एकाच सुरात रडत होती आणि मम्मीनं स्वयंपाकघराच्या दारात माझा दंड इतका घट्ट धरला होता की संध्याकाळपर्यंत तिची बोटं तिथं उमटलेली होती. मी मान हलवली. आणि पुढची अठरा वर्षं मी तेच सांगत राहिले, शाळेत, कॉलेजात, ऑफिसात, लग्न ठरताना सासरच्यांना, आणि चर्चमध्ये तर कितीदा तरी. दादा अपघातात गेला.

दादा अपघातात गेला नाही. त्यानं आत्महत्या केली. तेवीस वर्षांचा होता तो.

हे लिहिताना सकाळपासून चार वेळा उठले, पण लिहिलं. कसं आणि कुठं ते लिहिणार नाही, त्यानं कुणाचं भलं होत नाही आणि ज्याच्या मनात आधीच काहूर माजलंय त्याला त्रास मात्र होतो. का केलं तेही एका ओळीत सांगता येणार नाही. लोकांना एक कारण हवं असतं, नोकरी, मुलगी, कर्ज, पण तसं काही एक नव्हतंच. तो आजारी होता एवढं मला आता कळतं. शेवटचे सहा-सात महिने तो रात्र रात्र जागा असायचा, ताटावर बसायचा आणि भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवायचा, ढोलकीला हात लावेनासा झाला होता. त्याला डिप्रेशन म्हणतात, त्यावर डॉक्टर असतात, औषधं असतात हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. मम्मी त्याच्या उशाशी बसून प्रार्थना करायची. ती चुकली असं मी कधीच म्हणणार नाही, तिला जे ठाऊक होतं ते तिनं जीव तोडून केलं, फक्त त्या प्रार्थनेच्या जोडीला एक डॉक्टर हवा होता.

आम्ही नगरचे. आता अहिल्यानगर म्हणतात, आमच्या तोंडी नगरच. मराठी ख्रिस्ती माणसाला नगर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली तिथं आलं, रेव्हरंड टिळकांची कितीतरी वर्षं तिथं गेली, आमच्या घराघरात त्यांची भजनं पाठ आहेत. अशा गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, कुणाचा आजोबा कुणाला शिकवायला होता, कुणाची आत्या कुणाच्या घरात दिली. तिथं एक गोष्ट फुटली की संपलं. मम्मीनं खोटं का सांगायला लावलं हे मला तेव्हाही कळत होतं. मयतीच्या दिवशीच चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसानं पप्पांना बाजूला घेऊन विचारलं की चर्चमध्ये उपासना घेणं बरोबर दिसेल का. पप्पांनी काहीच उत्तर दिलं नाही. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. पाळकांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, मात्र कुणाला एक शब्द न विचारता उपासना घेतली, मातीही नीट दिली, त्या माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

खोटं एका वाक्याचं होतं पण ते सांभाळण्यासाठी अख्खा माणूस लपवावा लागला. कारण दादाबद्दल काहीही बोलायला लागलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "अरेरे, कसा झाला हो अपघात? कुठं?" मग आम्ही त्याच्याबद्दल बोलणंच सोडून दिलं. ढोलकी माळ्यावर गेली. फोटो आधी हॉलमध्ये होता तो आतल्या खोलीत आला आणि घराला रंग दिला तेव्हा कपाटात. वाढदिवस आला की त्या दिवशी घरात सगळे जरा जास्तच कामात असायचे. पप्पा २०१४ ला गेले, शेवटपर्यंत त्यांनी मुलाचं नाव घेतलं नाही. मला वाटतं दादाला आम्ही दोनदा गमावलं, आणि दुसऱ्यांदा आमच्याच हातानं.

देवाशी बोलतानाही मी तो विषय टाळायचे. दिवसातून दोनदा प्रार्थना करणारी मुलगी मी, संडेस्कूलला शिकवणारी, आणि दादा आता कुठं आहे हा एक प्रश्न मी देवाला विचारत नव्हते कारण उत्तराची भीती वाटायची. लहानपणापासून कानावर तेच पडलेलं, आत्महत्या हे असं पाप की त्याचा पश्चात्ताप करायला वेळच उरत नाही.

ही भीती एका दिवसात गेली नाही, हळूहळू गेली. वसईची एक कॅथलिक मैत्रीण आहे माझी, तिनं एकदा सहज बोलता बोलता सांगितलं की त्यांच्या चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, जे आत्महत्या करतात त्यांच्या तारणाबद्दल निराश होऊ नका. तिला माझं काहीच माहीत नव्हतं, बातम्यांवरून विषय निघाला होता. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. मग मी स्वतः पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसले, या एका गोष्टीसाठी. एलीया सापडला, जुन्या करारात, १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात. एवढा मोठा संदेष्टा, कर्मेलावर स्वर्गातून अग्नी पाडणारा, थोड्याच दिवसांत रानात एका झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं परमेश्वरा, माझा जीव घे. आणि देव त्याला काय करतो? रागावत नाही. तुझा विश्वास कमी पडला असं म्हणत नाही. देवदूत येऊन त्याला हात लावतो, ऊठ, खा म्हणतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो आणि परत झोपतो, तर देवदूत परत एकदा येऊन खायला घालतो. हा धडा मी मुलांना किती वेळा शिकवला असेल पण त्या झुडपाखाली दादा बसलाय असं मला त्या रात्री पहिल्यांदा दिसलं. स्तोत्र ८८ पण तेव्हाच नीट वाचलं. बाकीची बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठंतरी आशेकडे वळतात, हे वळतच नाही, अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. आणि रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात, देवाच्या प्रीतीपासून आपल्याला काय काय वेगळं करू शकत नाही याची यादी प्रेषित पौल देतो, त्या यादीत पहिलं नाव मरणाचं आहे.

पण देवासमोर मोकळं होणं वेगळं आणि माणसांसमोर बोलणं वेगळं. तिथं मला पुढं ढकललं ते पंडिता रमाबाईंनी.

आमच्या महिला मंडळाची पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनला ट्रिप गेली होती. तिथून आल्यावर मी रमाबाईंचं स्वतःचं लिखाण शोधून वाचायला लागले, त्यात त्यांनी १८९७ मध्ये लिहिलेल्या दुष्काळाच्या आठवणी होत्या. रमाबाईंच्या आईवडिलांचे दुष्काळात हाल झाले एवढं शाळेत शिकलेलं असतं. पण त्यांनी जे लिहिलंय ते वाचून मी गारच पडले. घरातलं होतं नव्हतं ते विकून झालं, आणि आपल्या माणसांत दारिद्र्य दिसण्यापेक्षा मेलेलं बरं म्हणून ते अख्खं कुटुंब तिरुपतीजवळच्या रानात मरायला गेलं. अकरा दिवस पाणी, पाला आणि थोड्या रानखजुरांवर काढले. शेवटी म्हातारे अनंतशास्त्री पवित्र तळ्यात जीव द्यायला निघाले, बाकीच्यांनीही तेच करायचं असं ठरत होतं, एकेकाचा निरोप घेत घेत ते सगळ्यात धाकट्या रमेजवळ आले. मग थोरला भाऊ म्हणाला की मी जातीचा अभिमान सोडतो, मिळेल ते काम करतो, आणि तेवढ्यावर तो बेत मोडला. वडील पुढे थोड्याच दिवसांत गेले ते गेलेच, मागोमाग आई, बहीणही गेली.

ही बाई कोण, तर जिला कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली पंडिता म्हणून गौरवलं. तिला काय गरज होती आपल्या घरातलं हे उघडं करायची? आमच्या वडिलांनी तीर्थयात्रेत देह ठेवला एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, कोण विचारणार होतं. पण तेव्हा परत दुष्काळ पडला होता, रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन येत होत्या, आणि भूक काय असते ते मला माहीत आहे हे सांगायला त्यांनी ते दिवस उघडून दाखवले. मी पुस्तक मिटलं आणि विचार केला की माझ्या संडेस्कूलच्या मोठ्या वर्गात सोळा-सतरा वर्षांची अकरा पोरं आहेत. त्यातलं कुणी रात्र रात्र जागं असेल तर? मी त्यांच्यासमोर उभी राहून अपघात अपघात करत राहू?

तरी मला दोन वर्षं लागली. आधी नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला की मला वाटायचंच काहीतरी आहे. मग एका काउन्सेलरकडे गेले, सात-आठ महिने. हे मी मुद्दाम लिहितेय कारण आपल्या लोकांत अजून असं समजतात की काउन्सेलरकडे गेलं म्हणजे विश्वास कमी पडला. एलीयाला आधी भाकर मिळाली, देवाचा मंद वाणीतला आवाज त्यानंतर आला. हे वाचणाऱ्या कुणाला स्वतःलाच जगणं नकोसं वाटत असेल तर आत्ता, हे वाचणं थांबवून १४४१६ ला फोन लावा, टेली मानस म्हणून सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, रात्री-बेरात्री कधीही, मराठीत बोलता येतं. आणि घरच्यांनो, पोलीस केसच्या भीतीनं कुणाला दवाखान्यात न्यायचं टाळू नका, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालतात, त्याला शिक्षा करत नाहीत, सरकारनं त्याची काळजी घ्यायची असं म्हटलंय.

मग २०२३, लेंटचे, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस. पिंपरीत एका ताईंच्या फ्लॅटवर बायकांची प्रार्थनासभा होती, बारा-तेरा जणी, वचन, म्हणजे बायबलमधल्या उताऱ्यावर बोलणं, माझ्याकडे. मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय, बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई. तयारी करताना एक गोष्ट माझ्या मनात अडकून बसली होती. त्या बाईनं गर्दीत येशूच्या वस्त्राला हात लावला आणि ती तिथंच बरी झाली. काम झालं होतं. तिला गुपचूप घरी जाता आलं असतं. पण येशू थांबतो, मला कोणी शिवलं म्हणून विचारतो, ज्याच्या घरी तो निघालाय त्या याइराची मुलगी तिकडं शेवटच्या घटका मोजतेय, शिष्य म्हणतात एवढ्या गर्दीत हा काय प्रश्न, आणि तरी तो थांबून राहतो. मग ती कापत कापत येते आणि त्याला सगळं खरं खरं सांगते. बारा वर्षांचं सगळं. आणि तो ते ऐकतो आणि तिला "मुली" म्हणतो.

"सगळं खरं खरं" इथपर्यंत मी बोलले आणि पुढचं वाक्य निघेना. कागद हातात होता, त्यावर लिहिलेलं होतं, तरी निघेना. आणि मग मी म्हणाले, "माझा भाऊ अपघातात गेला असं मी तुम्हा सगळ्यांना सांगितलंय, ते खरं नाही."

किती वेळ बोलले ठाऊक नाही, नीट बोलले असंही नाही. झाल्यावर पंख्याचा आवाज तेवढा येत होता. एक काकू हळूच म्हणाल्या, "पण मरायच्या आधी त्यानं प्रभूला स्वीकारलं होतं ना गं?" त्यांना वाईट हेतूनं विचारायचं नव्हतं, तरी माझ्या पोटात खड्डा पडला. आणि तेवढ्यात ज्यांच्या घरी सभा होती त्या ताई, फार बोलत नाहीत एरवी, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नाव काय होतं त्याचं? काय आवडायचं त्याला?"

अठरा वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी अर्धा तास बोलत होते. ढोलकी, नाताळच्या आधी आठ दिवस घराघरात भजनं म्हणत फिरायचा ते, माझ्या सायकलची चेन बसवताना शिट्टी वाजवायचा ते, मला ओरडायचा ते पण. चहा कपात गार होऊन गेला. त्या बायकांनी तो तसाच प्यायला.

आपल्याकडे साक्ष, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीसमोर सांगणं, म्हटली की तिचा एक साचा ठरलेला असतो, आधी दारू होती मग प्रभू भेटला आता सगळं छान, आणि मग टाळ्या, हालेलूया. माझ्या गोष्टीत ते "आता सगळं छान" नाही. दादा परत येणार नाही. रात्री अजूनही कधी कधी वाटतं की त्या दिवशी क्लासला न जाता घरी थांबले असते तर. पण मी म्हणते, ही पण साक्षच. आणि कुणी कुणाला माइक हातात देऊन जबरदस्तीनं असलं काही बोलायला लावू नये, मी ते बघितलंय आणि ते फार क्रूर असतं. येशूनं विचारलं होतं, ओढून आणलं नव्हतं.

सगळ्यात अवघड मम्मीला सांगणं होतं, की मी सांगितलं. फोनवर सांगितलं, समोर बसून सांगायचं धाडस नव्हतं. तिनं फोन ठेवून दिला. तीन आठवडे माझा फोन घेतला नाही, शेजारच्या वहिनींकडून खुशाली कळायची. चौथ्या आठवड्यात रविवारी उपासनेनंतर तिचाच फोन आला. रागवेल म्हणून मी तयारीत होते. थोडा वेळ ती काहीच बोलेना, मग विचारलं,

"काय काय सांगितलंस त्याच्याबद्दल?"

मी सांगत गेले, ती ऐकत होती, मधेच नाक ओढल्याचा आवाज यायचा. हे सगळं लिहायच्या आधी मी तिची परवानगी घेतलीय. लिही म्हणाली, फक्त त्याचं नाव आणि फोटो टाकू नको, म्हणून ते इथं नाही. गावात कुणी विचारलं तर ती अजूनही अपघातच सांगते आणि मी तिला काही म्हणत नाही.

पण त्या दिवशी फोनवर, मी म्हणाले की तो पाचवीत असल्यापासून ढोलकी वाजवायचा, तेव्हा तिनं मला थांबवलं.

"पाचवीत नाही गं. पाचवीत खंजिरी होती. संडेस्कूलच्या कार्यक्रमात, निळा शर्ट घातला होता, मीच शिवला होता. ढोलकी नंतर, सातवीत. तू लहान होतीस, तुला काय आठवणार."