वेड पांघरून हनोईला

सहलीच्या वेळापत्रकात होआ लो तुरुंगाला ४५ मिनिटं दिली होती आणि त्यानंतरच्या रेशमी कापडाच्या दुकानाला दोन तास. निघण्यापूर्वीच मी मुलीला सांगून ठेवलं होतं, त्या दुकानात मी येणार नाही. हनोईला मी ज्याच्यासाठी चालले होते तो माणूस व्हिएतनामचा नव्हता, आणि ५० वर्षांपूर्वीच तिथून निघून गेला होता.

हालाँग बे पाहिला. सुंदर आहे, पण गर्दी इतकी की बोटीला बोट लागलेली. जेवणाचं एवढंच सांगते की शाकाहाराला तिथं ‘चाय’ म्हणतात. हा एक शब्द पाठ असला तर पोटाचे हाल होत नाहीत. आमच्या सहलवाल्यांनी तो आम्हाला चौथ्या दिवशी सांगितला, तोवर बसमधल्या निम्म्या बायका घरून आणलेल्या दशम्या आणि बिस्किटांवर दिवस काढत होत्या. याचा मला अजून राग आहे.

आता होआ लो. या नावाचा अर्थ चूल, भट्टी असा आहे. इथं मातीच्या चुली करून विकणाऱ्यांची वस्ती होती. ती उठवून फ्रेंचांनी १८९६च्या सुमारास तुरुंग बांधला. दारावरच्या कमानीवर ‘मेझाँ सेंत्राल’ ही फ्रेंच अक्षरं अजून तशीच आहेत. मूळ तुरुंगाचा बराचसा भाग १९९०च्या दशकात पाडून तिथं उंच इमारती उभ्या राहिल्या. उरलेल्या तुकड्यात संग्रहालय आहे. आत गेल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. उतरत्या चौथऱ्यावर ओळीनं बसवलेले पुतळे, सगळ्यांचे पाय एकाच लोखंडी दांड्यात अडकवलेले. तान्ह्या मुलांसह कोंडलेल्या बायकांची हकिगत. एका खोलीत गिलोटिन. अंगणात बदामाचं झाड आहे, त्याची पानं आणि साल कैदी औषधाला वापरत. गटाराचा एक तुकडा जपून ठेवलाय. १९५१च्या नाताळच्या आदल्या रात्री काही कैदी त्यातून निसटले होते. आमच्याबरोबरची माणसं फोटो काढत झपझप पुढं गेली. मला तिथून पाय निघेना. आपल्याकडची अंदमानची कोठडी ज्यानं पाहिली आहे त्याला इथं वेगळं काही सांगावं लागत नाही.

अमेरिकन युद्धकैद्यांचा विभाग शेवटी येतो. १९६४ पासून १९७३ पर्यंत उत्तर व्हिएतनामवर पाडलेल्या विमानांचे वैमानिक इथं आणि हनोईतल्या आसपासच्या छावण्यांत होते. त्यांनी या जागेला हॉटेलच्या नावावरून उपहासानं हनोई हिल्टन म्हणायला सुरुवात केली. भिंतीवरच्या फोटोंत कैदी व्हॉलीबॉल खेळतायत, नाताळचं झाड सजवतायत. काचेच्या कपाटात, पुढे अमेरिकेत सिनेटर झालेल्या जॉन मॅकेनचा म्हणून वैमानिकाचा पोशाख. सुटून गेलेल्या कैद्यांनी पुढे जे सांगितलं, दोरीनं हात मागे पिळून बांधणं, महिनोन्‌महिने एकांतवास, ते या भिंतींवर नाही. फ्रेंचांनी केलेला छळ जिथं इतक्या पोटतिडकीनं मांडलाय तिथंच हे गाळलेलं पाहून मला वाईट वाटलं. बाँबच्या वर्षावाखाली जगलेल्या गावाचा राग मी समजू शकते. तरीही.

मी प्रत्येक फोटो जवळ जाऊन पाहिला. जाड भिंगांचा चष्मा, गोल चेहरा, विशीतला पोरगा. तो मला दिसला नाही. एवढ्यात आमच्या गटप्रमुखानं झेंडा हलवला, ४५ मिनिटं झाली होती.

त्या पोराचं नाव डग्लस हेगडाल. साउथ डकोटा राज्यातल्या क्लार्क नावाच्या लहानशा गावचा. ‘कॅनबरा’ या अमेरिकन युद्धनौकेवर तो अगदी खालच्या हुद्द्याचा खलाशी होता. ६ एप्रिल १९६७च्या पहाटे, वय वर्षं २०, टाँकिनच्या आखातात तोफांचा मारा चालू असताना तो डेकवर गेला आणि धक्क्यानं समुद्रात फेकला गेला. अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. कित्येक तास तो पोहत राहिला. मच्छीमारांनी त्याला वर काढलं आणि चांगलं वागवलं. मार बसला तो त्यांनी त्याला सशस्त्र शिपायांच्या हवाली केल्यावर, बंदुकीच्या दस्त्यांनी.

चौकशीत त्यानं खरं तेच सांगितलं, की मी जहाजावरून पडलो. कोण विश्वास ठेवणार? त्यांना वाटलं हा हेर असणार, कमांडो असणार. बाकीचे कैदी बहुतेक शिकलेसवरलेले अधिकारी. या एकट्याकडे सांगण्यासारखं गुपित काहीच नव्हतं. मग पोरानं जे केलं त्याला मराठीत नेमका शब्दप्रयोग आहे, वेड पांघरून पेडगावला जाणं. तो खेडवळ, बावळट, काही न कळणारा झाला. अमेरिकेविरुद्ध निवेदन लिहून दे म्हणाले. तो लगेच हो म्हणाला. त्याच्या आधी तिथं कुणी असं चटकन हो म्हणालं नसेल, त्यामुळं ते खूश झाले. कागद, शाई समोर आली आणि हा म्हणाला, मला लिहितावाचता येत नाही.

त्यांना ते पटलं. त्यांनी त्याला लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी माणूस नेमला.

मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली ११ पहिलीच्या वर्गावर. म्हणून या वाक्यापाशी मी दरवेळी थांबते. वाचता न येण्याचं सोंग वठवणं फार अवघड आहे. ज्याला वाचता येतं त्याच्या डोळ्यांना अक्षर दिसलं की ते वाचलं जातंच, नको म्हटलं तरी. पाटीवर शब्द लिहिला की वाचणाऱ्याची नजर आपोआप त्याच्या डाव्या टोकाला जाते आणि पुढं सरकते. न वाचणारं मूल त्याच शब्दाकडे चित्राकडे पाहावं तसं पाहतं, मध्येच कुठंतरी. चुकांचंही तसंच. खरोखर शिकणारं मूल घ आणि ध मध्ये चुकतं, भ आणि म मध्ये चुकतं. काहीच्या काही चुकत नाही. सोंग करणाऱ्याला या बरोबर चुका कराव्या लागतात. काल जमलेलं आज विसरावं लागतं, तेही आनंदानं. थोडं जमलं की शिकवणाऱ्याचा चेहरा उजळतो, तो उजळलेला पाहून पुन्हा सगळं घालवून टाकायचं. हेगडालनं हे एकदा नाही, दिवसांमागून दिवस केलं. शेवटी त्यांनी नाद सोडला. पहारेकऱ्यांत त्याचं नावच पडलं, ‘अतोनात मूर्ख’.

आणि मूर्खाला कोण बघतं? त्याला अंगण झाडायला मोकळं सोडलं जाऊ लागलं. झाडता झाडता त्यानं उभ्या ट्रकांच्या इंधनाच्या टाकीत माती टाकली. असे पाच ट्रक बंद पाडले. चष्मा नवा हवा म्हणून हट्ट धरला. शहरात चष्म्याच्या दुकानात नेलं, तेव्हा जाण्यायेण्याचा रस्ता डोक्यात ठेवला.

खरं काम वेगळंच चाललं होतं. उत्तर व्हिएतनाम कैद्यांची पूर्ण यादी देत नव्हतं. अमेरिकेत कित्येक बायकांना आपला नवरा जिवंत आहे की नाही हे ठाऊक नव्हतं. कैदी भिंतीवर टकटक करून एकमेकांशी बोलत. इंग्रजी मुळाक्षरं मांडलेल्या पाच ओळी, पाच रकाने, २५ घरं. आधी ओळीचे ठोके, मग रकान्याचे. के हे अक्षर गाळलेलं, त्याऐवजी सी वापरायचं. नावं अशी भिंतीतून भिंतीत जात. हवाई दलाचा जो क्रेका नावाचा अधिकारी होता, त्यानं हेगडालला ती पाठ करायला मदत केली. नाव, कधी पकडला, कसा पकडला, काही घरगुती खुणा. सुमारे २५६ माणसं. आणि ती पाठ केली कुठल्या गाण्याच्या चालीवर? ‘ओल्ड मॅक्डोनाल्ड हॅड अ फार्म’. माझा नातू बालवाडीत म्हणतो तीच.

त्याच्या कोठडीत काही काळ रिचर्ड स्ट्रॅटन हा नौदलाचा अधिकारी होता. या स्ट्रॅटननंही एकदा सोंग घेतलं होतं, पण उलट्या दिशेनं. मार्च १९६७ मध्ये त्याला परदेशी पत्रकारांपुढं उभं केलं तेव्हा तो निर्जीव चेहऱ्यानं, कंबरेत पूर्ण वाकून, कळसूत्री बाहुलीसारखा लवत राहिला. त्याचे फोटो जगभर गेले, आणि या माणसाचं काय केलं आहे, असा प्रश्न उभा राहिला. त्याच स्ट्रॅटननं पोराला हुकूम केला, तू सुटून जा. कैद्यांचा आपसांतला नियम कडक होता, सगळे सुटल्याशिवाय एकट्यानं सुटका घ्यायची नाही. हेगडाल जायला तयार नव्हता. पण त्याच्या डोक्यातली यादी बाहेर जायला हवी होती, आणि ‘अतोनात मूर्ख’ पोराला सोडायला पहारेकऱ्यांना काहीच धोका दिसत नव्हता. ५ ऑगस्ट १९६९ ला आणखी दोघांबरोबर त्याला सोडलं. बाहेर पडल्यावर त्यानं सगळी नावं म्हणून दाखवली. १९७०मध्ये पॅरिसच्या शांतता वाटाघाटींच्या वेळी त्याला तिथं नेऊन उत्तर व्हिएतनामच्या प्रतिनिधींपुढं उभं केलं. स्ट्रॅटन सुटला मार्च १९७३मध्ये.

आपल्याकडं युद्धकैदी म्हटलं की हवाई दलातल्या दिलीप परुळकरांचं नाव निघतं आणि ते निघायलाच हवं. १९७१च्या डिसेंबरात विमान पडलं, रावळपिंडीच्या कैदेतून ऑगस्ट १९७२मध्ये दोन साथीदारांबरोबर भिंत फोडून ते निसटले आणि थेट लंडी कोतलपर्यंत, अफगाण सीमेच्या तोंडाशी पोचले. तिथं त्यांनी लंडी खानाला कसं जायचं विचारलं. ते स्टेशन १९३२ सालीच बंद झालं होतं. एका प्रश्नानं संशय आला आणि ते पुन्हा पकडले गेले. ते वाचताना माझ्या छातीत धस्स झालं होतं. हेगडालला दोन वर्षं रोज, प्रत्येक उत्तराला, असा एक प्रश्न सांभाळायचा होता.

रेशमाच्या दुकानाच्या वेळात मी आणि मुलगी निघालो. गटप्रमुख नाराज झाला, मुलीनं त्याला काय ते सांगितलं. हेगडाल आणि स्ट्रॅटन जिथं होते ती छावणी होआ लोत नव्हती, दीडदोन किलोमीटरवर ली नाम डे रस्त्यावर १७ क्रमांकाच्या आवारात होती. कैदी तिला प्लँटेशन म्हणत. बाहेरच्या पाहुण्यांना दाखवायला ठेवलेली छावणी, म्हणून तिथं जरा टापटीप होती म्हणे.

रस्ता छान सावलीचा आहे. मोबाइलची, कॉम्प्युटरची दुकानं, पदपथावर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर कॉफी पिणारी माणसं, मागच्या बाजूनं आगगाडीचा पूल. क्रमांक बघत बघत आम्ही चाललो. आवार बाहेरूनच पाहिलं. पहारेकऱ्यानं हातानंच पुढं जा म्हणून खूण केली, आम्ही पुढं जाऊन समोरच्या कडेला उभ्या राहिलो. मला तिथं कुठलीही पाटी दिसली नाही. एक बाई पदपथ झाडत होती. लांब दांड्याचा खराटा, सावकाश, पानं एका कडेला. मी तिच्याकडे बघत राहिले. मुलगी म्हणाली, “आई, चल ना, ऊन लागतंय.” मला हलवेना.

इथं मला एक सांगायचं आहे, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सातवीच्या एका वर्गात माझ्याकडं एक मुलगा होता. वाचायला उभं केलं की त्याला ओळच सापडायची नाही. पुस्तक उलटसुलट करायचा, खाली बघायचा. मी त्याला सगळ्या वर्गासमोर ढ म्हटलं. एकदा नाही. दोन वर्षांनी एसटी स्टँडवर तो मला पाठमोरा दिसला. आजीला गाड्यांच्या पाट्या वाचून दाखवत होता, झरझर, अगदी हळू आवाजात. मग एक ओळखीचा मुलगा आला आणि त्याला काहीतरी विचारलं, तर उत्तर देताना याची जीभ अडकली, पहिलं अक्षर चारपाच वेळा. मला तेव्हा कळलं. सगळ्यांसमोर अडखळून हसू होण्यापेक्षा त्यानं ढ असणं पत्करलं होतं. पुस्तक उलटसुलट करायचा तेव्हाही त्याची नजर आधी ओळीच्या डाव्या टोकाला जायची. ते मी पाहिलं होतं. पाहूनही माझ्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी स्टँडवर मी पुढं जाऊन त्याच्याशी बोलले नाही. गाडी लागली आणि मी चढले.

रात्री हॉटेलात झोप येईना. मी त्या चालीवर माझ्या शेवटच्या वर्गाची हजेरी म्हणून पाहिली. एकेकाळी पटावर न बघता ५४ नावं म्हणत असे. २९पर्यंत आले, मग अडले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला ३३. मग त्याचा सातवीचा वर्ग घेतला. तो मला पूर्ण येत नाही. त्याचा हजेरी क्रमांक मात्र आला, आडनावासकट, आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या मुलाचंही.