वैरणीला कोण जाणार?

चारचा चहा झाला की आमच्या घरात एक प्रश्न उठतो, "वैरणीला कोण जाणार हाय?" आई तो कुणाकडे बघून विचारत नाही. कपबशी पालथी घालता घालता नुसता हवेत सोडून देते. मग ज्याच्या मनात खोट असेल त्यानं मान खाली घालायची. मी मोबाइलमध्ये तोंड खुपसतो. एरवी हाका मारून दमवणारा पोरगा आपण होऊन वह्या काढतो. बायकोला नेमकं तेव्हाच दळण आठवतं. आई दोन मिनिटं वाट बघते आणि कोपऱ्यातला विळा उचलते. "ऱ्हाऊ दे. मी जातो." (आमच्याकडच्या बायका 'जातो', 'येतो' असंच म्हणतात.) या 'मी जातो'त असं काही असतं, की तिघंही एकदम उठतो.

रान सगळं मिळून पस्तीस गुंठे. गोठ्यात दोन म्हशी आणि एक रेडी. कागदावर बघितलं तर पसारा काहीच नाही. पण एका दुभत्या म्हशीला दिवसाला पंचवीस-तीस किलो ओली वैरण लागते आणि वर पाच-सहा किलो वाळली. म्हणजे घरात लग्न असो की दहावा, रोज वैरणीचे दोन बिंडे, म्हणजे भारे, दारात पडलेच पाहिजेत. डेअरीचं बिल दहा दिवसांनी येतं. म्हशीचं बिल रोज संध्याकाळी हंबरून येतं.

यात एक फायदाही आहे, तो आधी सांगून टाकतो. "वैरण आणायची हाय" हे आमच्या भागातलं सगळ्यांत भक्कम कारण आहे. वास्तुशांत असो, साखरपुडा असो, कुणाचं लांबलेलं भाषण असो, साडेतीनला उभं राहायचं आणि एवढंच म्हणायचं. यजमान आग्रह करत नाही, कारण त्याच्याही गोठ्यात दोन बांधलेल्या असतात. मी कोल्हापुरात एका ऑफिसात नोकरी करतो. तिथं हे कारण एकदाच वापरून बघितलं. साहेब शहरातले, त्यांना ते विनोदी वाटलं.

भिंतीवर कॅलेंडर आहे. त्यावर गॅस सिलिंडर आल्याची तारीख आणि म्हैस गाभण जावी म्हणून भरवल्याची तारीख लिहितो, बाकी काही नाही. कुठला महिना चाललाय ते गव्हाणीत बघून कळतं.

आमचं वर्ष वळवापासून सुरू होतं. मे महिन्यात गोठ्यामागची पिंजराची व्हळी, म्हणजे भाताच्या काडाची गंजी, खालून पोखरल्यासारखी झालेली असते आणि आई कडब्याच्या पेंढ्या पैसे मोजावेत तशा मोजून काढते. कडबा आमचा नसतो, मंगळवेढ्याकडच्या शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा. तो ट्रकनं येतो आणि शेकड्याच्या भावानं विकतात. त्याची कुट्टी करून, वर चमचाभर मीठ टाकून म्हशीपुढं ठेवायची. म्हैसही उन्हाळ्यात नाइलाजानंच खाते, आमच्या बटाट्याच्या भाजीसारखी. शेजारच्या पोरानं गेल्या वर्षी मुरघास केला. मका दाणा चिकात असताना कापला, कुट्टी करून मोठ्या पिशवीत दाबून दाबून भरला आणि हवा कोंडून दीड महिना ठेवला. पिशवी उघडली त्या दिवशी आई बघायला गेली. मूठभर नाकाला लावलं आणि म्हणाली, "हे लोणचं हाय की." म्हशीनं मात्र मान वर न काढता बुट्टी साफ केली. तेव्हापासून आई त्या विषयावर बोलत नाही.

वळीव पडला की खत ओढायचं, भाताची धूळवाफ पेरणी करायची आणि शिवारातल्या शाळूच्या जुन्या बुडख्यांवर नजर ठेवायची. पावसानं त्यांना पोपटी, लुसलुशीत फुटवे येतात. दिसायला इतके गोड, की आपल्यालाच खावेसे वाटावेत. पण ते खाल्ले की जनावराला किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, आणि घटकाभरात सगळा खेळ आटपतो. आबा, म्हणजे माझे वडील, असते तर आजही त्यांनी दाव्याची गाठ दोनदा तपासली असती.

पुढं पाऊस लागला की चंगळ. भांगलणीला पैऱ्यानं आलेल्या बायका संध्याकाळी डोक्यावर बिंडा घेऊनच परततात. आज तुमच्यात, उद्या आमच्यात. मजुरीचा हिशोब नाही, पण तण ज्याच्या रानातलं तो ते मागत नाही, एवढा शिष्टाचार. केना, हरळी, बांधावरचं कसलंकसलं गवत. कोवळ्या गवतावर दूध वाढतं आणि फॅट उतरते, त्यामुळं डेअरीची पावती बघून हसावं की रडावं कळत नाही. पावसातली वैरण वजनालाही दुप्पट होते. डोक्यावर पोत्याची खोळ, तिच्यावर बिंडा, आणि बिंड्यातलं पाणी मानेवरून थेट पाठीत. आता बिंडा मोटरसायकलवर येतो हे खरं. पण आमची पाणंद जेमतेम एका गाडीची. समोरून दुसरा वैरणवाला आला, की दोन हिरवे डोंगर समोरासमोर थांबतात आणि त्यांच्या बुडाशी फक्त दोन हेडलाइट दिसतात. मागं कुणी सरायचं? ज्याची वैरण वाळली त्यानं. दोघांची ओली असेल तर ज्याचं वय कमी त्यानं. वय सारखं असेल, तर तंबाखूची पुडी निघते आणि मग कुणालाच घाई राहत नाही.

ऑगस्ट २०१९ ची गोष्ट थोडक्यात सांगायचं म्हटलं तरी लांबते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. म्हशी आदल्या रात्रीच माळावरच्या पाहुण्यांकडं नेल्या होत्या. मी आणि आबा वरच्या वाटेवर उभे होतो. बघता बघता आमची पिंजराची व्हळी जागेवरून उठली. आबांचं रचणं इतकं घट्ट होतं, की ती फुटली नाही, विस्कटली नाही. एखादं घर चालायला लागावं तशी सावकाश वळली आणि उसाच्या शेंड्यांवरून पुढं गेली. शेंड्यावर एक साळुंकी बसली होती. साठवलेली सगळी वाळली वैरण चालली होती. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रचलीती मात्र झ्याक."

पाणी उतरल्यावर खरी पंचाईत झाली. रानात हिरवं म्हणून जे काही उरलं होतं त्यावर गाळाचा थर बसलेला. म्हैस हुंगायची आणि फुरफुरून मान फिरवायची. दूरदूरच्या गावांहून वैरणीच्या गाड्या आल्या. ओळख ना पाळख, त्या लोकांनी भारे उतरवले आणि चहाही न घेता निघून गेले. त्या वैरणीत आमच्याकडं न उगवणारं कसलंसं गवत होतं. म्हशींनी तेही खाल्लं. तरीही पुरेना, तेव्हा आई उसाची पात बोअरच्या पाण्यात एकेक करून धुवायची, पालेभाजी धुवावी तशी. दोन्ही हातांच्या बोटांना पातीची कुसळं आणि बारीक चिरा. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, पण तोवर आमची व्हळी माळावर गेली होती.

दिवाळीच्या आसपास भुईमुगाचा पाला आणि भाताचं नवं पिंजर येतं. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मिरवतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरांच्या माळा, पायांत तोडे, मालकानं शीळ घातली की गर्दीतून बरोबर त्याच्यामागं धावणाऱ्या. आमच्या दोघी तेवढ्या शिकलेल्या नाहीत. त्यांना शिंगाला हुरमुंज फासून गोठ्यातच ओवाळतो.

मग साखर कारखाने पेटतात आणि प्रश्नच बदलतो. "आज तोड कुणाच्यात हाय?" जिथं उसाची तोड तिथं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. चार महिने सगळा गाव उसाच्या शेंड्यांवर जगतो. गंमत अशी, की ऊस आमचा, रान आमचं, पाणी रात्री दोनच्या लायटीला उठून आम्ही पाजलेलं, आणि त्याच उसाचं वाडं आम्ही ऊस तोडणाऱ्या टोळीकडून पेंढीच्या भावानं विकत घेतो. वाड्यावर तोडणाऱ्याचा हक्क. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी कॉलेजात होतो. तिथल्या तावातावानं आईला अर्थशास्त्र समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बिडाहून आलीत ती. त्यास्नीबी बैलं हाईत." आणि पुढं जाऊन त्या बाईशी दोन पेंढ्या जास्त मिळाव्यात म्हणून पाऊण तास घासाघीस केली. उठताना तिच्या पोराच्या हातावर शेंगा ठेवल्या.

डॉक्टर सांगतात, नुसत्या वाड्यावर जनावर ठेवू नका. वाड्यातलं ऑक्झॅलेट अंगातलं कॅल्शियम धरून बसतं, म्हैस हटते, म्हणजे अंगानं उतरते. क्षार मिश्रण द्या, चुन्याची निवळी पाजा. आम्ही निवळी पाजतो. खरं तर आईच पाजते. मला त्यातलं प्रमाण अजून जमत नाही.

गेल्या पौषात तिच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, गोठ्यात पाय ठेवायचा नाही, असा हुकूम. काळा चष्मा लावून ती सोप्यात बसायची, एखाद्या रिटायर झालेल्या फौजदारासारखी. त्या दिवसांत चारच्या चहानंतर घरात प्रश्नच उठेना. त्या शांततेनं मलाच कसंसं व्हायचं आणि मी न सांगता निघायचो.

एका संध्याकाळी तोडीवरून यायला अंधार झाला. म्हशींपुढं वाड्याच्या पेंढ्या टाकल्या, हातपाय धुतले आणि सोप्यात येऊन टेकलो. लाइट गेलेली. थोड्या वेळानं आई म्हणाली, "वाडं आणलंस न्हवं?"

"व्हय."

"आणि पेंढी न सोडताच टाकलीस."

"तुला कसं कळलं?"

"कळायचं काय त्यात? खाल्ल्याचा आवाज येतोय का बघ. नुसतं गव्हाणीला ढकलायलीया ती."

बॅटरी घेऊन गेलो. थोरलीनं शिंगानं पेंढी लोटत लोटत गव्हाणीच्या टोकाला नेली होती आणि माझ्याकडं बघत उभी होती. टोळीवाल्यांची गाठ उसाच्याच पातीची असते, ओढावी तितकी आवळत जाते. बॅटरी दातांत धरून मी खाली बसलो. गाठ सुटत नव्हती. आतून पुन्हा आवाज आला, "आणि बुडकी तोडून टाक रं. रेडीच्या तोंडाला लागत्यात."