अमेरिकेच्या रिटर्नची मुदतवाढ आणि भारतातल्या व्याजाचा घोळ

अमेरिकेत १५ एप्रिलपर्यंत रिटर्न होणार नसेल तर फॉर्म ४८६८ भरायचा, १५ ऑक्टोबरपर्यंत वेळ मिळतो. फॉर्म नऊ ओळींचा, कारण द्यावं लागत नाही, आणि उत्पन्न कितीही असलं तरी आयआरएसच्या (अमेरिकेच्या करखात्याच्या) फ्री फाइल या ऑनलाइन सोयीवरून फुकट पाठवता येतो. पण मुदत वाढते ती रिटर्नची, पैसे भरायची नाही. राहिलेल्या करावर १५ एप्रिलनंतर व्याज सुरू होतं, शिवाय दरमहा अर्धा टक्का दंड. म्हणून चौथ्या ओळीत वर्षभराच्या एकूण कराचा अंदाज नीट लिहावा लागतो. भारतात एनआरओ खातं (परदेशी राहणाऱ्यांचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) आणि एफडी असणाऱ्यांचं घोडं तिथेच अडतं, कारण तिथलं व्याजही या अंदाजात धरावं लागतं.

मला अजूनही चीड येते ती बँकेच्या व्याजाच्या दाखल्याची. इथलं, म्हणजे अमेरिकेतलं, करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, दाखला एप्रिल ते मार्चचा. शाखेला ईमेलमध्ये ‘१ जानेवारी ते ३१ डिसेंबर’ असं ठळक लिहिलं तरी उत्तरात आर्थिक वर्षाचीच पीडीएफ येते. पुन्हा विचारलं की ‘सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही’. त्या दाखल्याच्या नादी लागूच नका. दोन वर्षांचे दाखले घेऊन तीन महिने इकडचे, नऊ तिकडचे असा सरासरीचा हिशेबही करू नका; एखादी एफडी मधेच मोडली किंवा नवी केली की तो चुकलाच. नेटबँकिंगमधून त्या बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि व्याजाची एकेक नोंद बेरजेत घ्या. क्युम्युलेटिव्ह एफडीचं व्याज बचत खात्यात दिसत नाही, ते ठेवीतच जमा होत राहतं. त्या एफडीचं स्टेटमेंट वेगळं काढावं लागतं. एनआरई खात्याचं (परदेशातली कमाई भारतात ठेवायचं खातं) व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे करपात्र आहे, तेही धरा.

टीडीएसचं आणखी वेगळं. एनआरओच्या व्याजावर ३०% आणि वर सेस कापला जातो, पण दोन देशांच्या करारानुसार भारताचा हक्क १५% पर्यंतच. त्यामुळे फॉर्म १११६ वर (परदेशात भरलेला कर इथल्या करातून वजा करून घ्यायचा फॉर्म) कापलेली सगळी रक्कम क्रेडिट म्हणून लावता येत नाही; जास्तीची भारतात रिटर्न भरून परत मागायची. भारतातलं रिटर्न जुलैत, मग इथलं, हा क्रम मला सर्वात बिनघोर वाटतो. मुदतवाढ घ्यायचं खरं कारणही हेच. चौथ्या ओळीचा अंदाज काढताना क्रेडिट १५% च धरा आणि आकडा थोडा चढाच ठेवा, जास्त गेलेले पैसे परत मिळतात. निदान ९०% कर १५ एप्रिलपर्यंत पोचला आणि उरलेला रिटर्नसोबत भरला, तर उशिरा पैसे भरल्याचा दंड लागत नाही, व्याज मात्र लागतं.

डायरेक्ट पे या आयआरएसच्या ऑनलाइन सोयीवर पैसे भरताना कारण ‘एक्स्टेन्शन’ निवडलं तर ४८६८ वेगळा पाठवावा लागत नाही. तिथे ओळख पटवायला जुन्या रिटर्नमधली माहिती मागतात, नाव-पत्ता त्या वर्षी लिहिला होता तसाच हवा. पहिल्यांदाच रिटर्न भरणाऱ्यांना हा रस्ता बंद.

पैसे जमले नाहीत तरी फॉर्म पाठवाच. मुदतवाढ न घेता उशीर केला तर दंड थकलेल्या कराच्या दरमहा ५%, २५% पर्यंत.

राज्याचंही पाहा. कॅलिफोर्निया सहा महिने आपोआप देतं, न्यूयॉर्कला आयटी-३७० वेगळा भरावा लागतो.

आणि स्टेटमेंट उघडलंच आहे तर प्रत्येक खात्यातली वर्षातली सर्वाधिक शिल्लक टिपून ठेवा. सगळ्या खात्यांची मिळून ती कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार (परदेशातल्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म) भरावा लागतो. त्याची मुदत अर्ज न करताच १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते.