डब्लिनच्या बसचा हिरवा रंग

जुन्या बसचं मॉडेल करणाऱ्याने एकदा तरी रंगासाठी प्रवास करायला हवा, असं माझं ठाम मत आहे. फोटोवरून खिडक्या मोजता येतात, पाटीवरची अक्षरं वाचता येतात, पण रंग काही हाती लागत नाही. 1950 च्या दशकातल्या डब्लिनच्या डबलडेकरचे रंगीत फोटो शोधले तर एकात बस बॉटल ग्रीन दिसते, दुसऱ्यात काळपट, तिसऱ्यात चक्क निळसर. फिल्म जुनी झालेली असते, स्कॅन करणाऱ्याने आपल्या मनाने उजेड वाढवलेला असतो. विश्वास ठेवायचा कशावर?

म्हणून आयर्लंडच्या सहलीत घरच्यांनी मोहेरचे समुद्रकाठचे उंच कडे मागितले आणि मी डब्लिन मागून घेतलं. कडे पाहिले, गॉलवे पाहिलं, दोन्हीकडे धो धो पाऊस होता. त्यावर इतरांनी भरपूर लिहून ठेवलंय.

मला करायची होती ती सीआयईच्या आरए वर्गातली लेलँड टायटन डबलडेकर. सीआयई म्हणजे 1945 साली डब्लिनची ट्राम कंपनी आणि रेल्वे एकत्र करून झालेली आयर्लंडची वाहतूक संस्था. चासी इंग्लंडहून यायची आणि वरची बॉडी डब्लिनमध्येच, इंचिकोरच्या स्पा रोड कारखान्यात चढायची. लांबी 30 फूट. 1:76 या मापात ती जेमतेम 12 सेंटीमीटर होते, म्हणजे तळहातावर मावते. या बस आल्या तेव्हा हिरव्या होत्या, कमरेशी फिकट हिरवा पट्टा. पुढे 1960 च्या दशकात शहरातल्या डबलडेकर गर्द निळ्या आणि क्रीम झाल्या. मला हिरवीच हवी होती. पांढऱ्या प्लॅस्टिक शीटचे बोटभर तुकडे कापून, प्रत्येकावर वेगळा हिरवा फवारून, मागे नंबर टाकून एका डबीत घालून नेले होते. विमानतळावर तपासणीवाल्याने डबी उघडली, तुकडे उलटसुलट केले आणि काही न विचारता परत दिली.

आधी हाउथला गेलो. डार्ट नावाची लोकल समुद्राच्या कडेकडेने जाते. लीप कार्ड असेल तर 2 युरोत 90 मिनिटं बस, ट्राम, लोकल काहीही बदलत जा. आपल्या शहरांत हे कधी होणार, असं दर वेळी कार्ड टेकवताना वाटायचं. हाउथच्या किल्ल्याच्या आवारात राष्ट्रीय वाहतूक संग्रहालय आहे. लोकांनी पदरची हौस आणि वेळ घालून जपलेलं. बस, ट्राम, आगीचे बंब अगदी अंगाला अंग लावून उभे आहेत. हाउथच्या टेकडीवर 1959 पर्यंत धावलेली 9 नंबरची ट्रामही तिथेच आहे. ती बंद झाली त्यानंतर आयर्लंडमध्ये 2004 पर्यंत ट्रामच नव्हती. मी तिथे बराच रेंगाळलो, पण माझं काम तिथे होणारं नव्हतं. नव्याने रंगवलेल्या बसवर रंगवणाऱ्याने निवडलेला रंग असतो. मला कारखान्यातून निघालेला हवा होता.

तो मिळाला राहेनीला, एका घराच्या मागच्या शेडमध्ये. तिथले गृहस्थ सीआयईचे निवृत्त कंडक्टर. मॉडेलच्या निमित्ताने आमची बरीच वर्षं पत्रापत्री होती. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. मी त्यांना मनातल्या मनात आजोबाच म्हणत होतो. आजींनी दारातच कडक चहाचा मग हातात दिला, सोबत ब्राउन ब्रेड आणि बोटभर जाडीचं लोणी. घेणार का, असं विचारण्याची पद्धत त्या घरात नाही. मग रिकामा दिसला की भरायचा. हे मला अगदी कोकणातल्या घरासारखं वाटलं.

शेडमध्ये खिडकीशी टेबल, त्यावर एअरब्रश आणि बाजूला मोडीत निघालेल्या आरए बसचा खालच्या बाजूचा ॲल्युमिनियमचा पत्रा. साधारण वहीएवढा. भंगारात जाण्याआधी त्यांनी तो कापून घेतला होता. त्याच्या मधोमध त्यांनी बारीक पॉलिश पेपरने, पाणी लावत लावत, रुपयाएवढी जागा घासली होती. त्यामुळे सगळे थर एकात एक वर्तुळं होऊन वर आले होते. सगळ्यात बाहेर निळा. मग करड्या अस्तराची रेघ, पुन्हा निळा. पुन्हा करडा. त्याच्या आत तीन-चार मिलिमीटरचं हिरवं कडं, मग आणखी एक अस्तर आणि मधोमध चकचकीत धातू. घासल्यामुळे हिरवा फिका, पिठूळ दिसत होता. आजोबांनी बोट चहाच्या मगात नव्हे, शेजारच्या पाण्याच्या वाटीत बुडवलं आणि त्या कड्यावर टेकवलं.

रंग एकदम खोल झाला. वार्निश होतं तेव्हा दिसत असेल तसा, गार, किंचित काळ्याकडे झुकणारा हिरवा. एकाही फोटोत मी तो पाहिला नव्हता. माझे डोळे भरून आले आणि ते मी लपवलं नाही.

डबी काढली. ट्यूबलाइटखाली तीन नंबरचा तुकडा हुबेहूब जुळला. आजोबा म्हणाले, "थांब, पाऊस ओसरू दे." ओसरल्यावर पत्रा दारात नेला. ढगाळ आकाशाचा सपाट उजेड, कुठे चमक नाही, सावली नाही. तिथे तीन नंबर उघड उघड पिवळट पडला आणि पाच नंबर बसला. दोन रंग वेगवेगळ्या पावडरींतून तयार झाले असले की एका उजेडात जुळे दिसतात आणि दुसऱ्यात सावत्र. हे वाचलेलं होतं. दारात उभं राहून दोन्ही हातांत धरून पाहणं निराळंच.

मग आमचं वाजलं. त्यांचं म्हणणं, पाच नंबर जसाच्या तसा मारू नकोस, थोडा पांढरा घाल. 12 सेंटीमीटरची बस तू फूटभरावरून बघणार, म्हणजे खरी बस 76 फुटांवरून बघितल्यासारखी. तेवढ्या अंतरावर हवेमुळे गडद रंग उजळ दिसतो. हिशेब बरोबर आहे. तरी मला पटत नाही. रंग खराच ठेवावा आणि फक्त चकाकी कमी करावी, शेवटचा हात सॅटिन वार्निशचा द्यावा, असं माझं म्हणणं. त्यांनी आपलं मॉडेल काढून दाखवलं. आधी फिकट पट्टा फवारून, त्यावर मास्किंग टेप लावून, मग गडद हिरवा. पट्ट्याची कड सुरीने कापल्यासारखी सरळ. बाजूला 'फ्लाइंग स्नेल'चं, उडत्या गोगलगायीचं डेकल, म्हणजे चिकटवायचं चित्र. ट्राम कंपनीकडून सीआयईकडे वारशाने आलेलं ते पंखवालं चिन्ह. पाटीवर 'अन लार', शहराचा मध्य. मागच्या उघड्या फलाटावर तारेचा बारीक दांडा, पण कंडक्टर नाही. मी विचारलं तर म्हणाले, "मी वरच्या मजल्यावर तिकिटं फाडतोय."

दुसऱ्या दिवशी मालाहाइडला सिरिल फ्राय यांची मॉडेलं पाहिली. इंचिकोरच्या रेल्वे कारखान्यातल्या या ड्राफ्ट्समनने हाताने घडवलेली इंजिनं आणि डबे. मॉडेल करणाऱ्याने चुकवू नये, एवढंच सांगतो. माझं मन राहेनीतच होतं.

कारण निघताना आजोबांनी विचारलं होतं, "तुमच्या मुंबईच्या डबलडेकरचा लाल नेमका कोणता?" मी सांगू लागलो. मुंबईत डबलडेकर 1937 साली आली, अशोक लेलँडने 1967 पासून भारतात टायटन बांधली, म्हणजे तुमच्या आरएचीच नात्यातली, आणि डिझेलवरची शेवटची डबलडेकर 15 सप्टेंबर 2023 ला रस्त्यावरून गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते झालं. पत्रा कुणाकडे आहे?"

तेव्हा हे वाचणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती. मुंबईत आणिक नावाच्या आगारातलं बेस्टचं संग्रहालय आहे, खेळण्यातल्या बस आहेत, फोटो तर हजारो आहेत. मला मूळ रंगाचा, परत न रंगवलेला, हातभर नको, बोटभर पत्रा हवा आहे. कुर्ल्याच्या भंगार गल्लीत, कुणाच्या गॅरेजच्या छपराला, बेस्टमध्ये नोकरी केलेल्या काकांच्या माळ्यावर, कुठेही असेल. सापडला तर घासू नका, पुसू नका, तेल लावू नका. फक्त मला कळवा. पॉलिश पेपर आणि पाण्याची वाटी घेऊन मी येतो. ट्यूबलाइट बंद ठेवा, आणि जमलं तर पावसाळ्यातला ढगाळ दिवस धरू.