तुम्ही विचारलंत म्हणून : आधी सांगा, पेटवणार आहात का?

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या आमच्या घरी पहिल्यांदा येणारा मराठी पाहुणा चहाचा कप घेऊन बैठकीतल्या फायरप्लेससमोर, म्हणजे भिंतीतल्या शेगडीसमोर, उभा राहतो. पितळी जाळी, फेंडर म्हणजे शेगडीपुढचा बुटका कठडा, लांब दांड्यांचे चिमटे सगळं निरखतो आणि विचारतो, "हे खरंच जुनं आहे? आम्हालाही घ्यायचंय, काय बघून घ्यायचं?" अलीकडे ओळखीतल्या तीन घरांनी शंभरी ओलांडलेली टेरेस घरं, म्हणजे भिंतीला भिंत लागून रांगेत असलेली घरं, घेतली, त्यामुळे हा प्रश्न फोनवरही येतो. मी उलट विचारते, "पेटवणार आहात, की नुसतं मांडून ठेवणार?" मी उत्तर टाळतेय असं लोकांना वाटतं. पण पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

बाजारात 'फायर स्क्रीन' या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या कामांच्या वस्तू मिळतात. एक आच अडवणारी. तीन पायांच्या उभ्या दांडीवर वरखाली सरकणारी छोटी चौकट, तिच्यात बहुतेकदा भरतकाम. शेगडीजवळ बसलेल्याच्या तोंडाला धग लागू नये, एवढंच तिचं काम. दुसरी ठिणग्या अडवणारी बारीक तारेची जाळी. तिसरी उन्हाळ्यात रिकामी काळी शेगडी झाकायला. मोराच्या पिसाऱ्यासारखा उघडणारा पितळी पंखा तुम्ही पाहिला असेल, तो बहुधा याच कामाचा.

मी पहिला घेतला तो पंखाच. नेवार्कला जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो, आमच्यापासून तासाभरावर. तिथे तो उन्हात असा काही चमकत होता की मी घासाघीसही धड केली नाही. थंडीत शेगडी पेटवली, पंखा पुढे उभा केला आणि स्वयंपाकघरात गेले. शेजाऱ्यांनी प्रेमाने दिलेलं लाकूड त्या दिवशी जळत होतं. परत येईतो एक निखारा पात्यांच्या फटीतून उडून सोलापूरहून आणलेल्या सतरंजीवर पडला होता. रुपयाएवढं भोक. सतरंजी अजून आहे, भोकावर स्टूल असतं.

त्या दिवशी दुसरीही चूक झाली होती, ती नंतर कळली. 1952 च्या डिसेंबरात लंडनवर विषारी धुकं बसलं, हजारो माणसं गेली, आणि 1956 मध्ये हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा आला. तेव्हापासून शहरांमध्ये धूरबंदीचे भाग आखले गेले. शेफील्डचा बहुतेक भाग त्यात येतो. अशा भागात उघड्या शेगडीत लाकूड जाळता येत नाही, फक्त मान्यता मिळालेलं बिनधुराचं इंधन चालतं. साधा घरगुती दगडी कोळसा तर मे 2023 पासून इंग्लंडभर घरांसाठी विकायलाच बंदी आहे. म्हणून वस्तू घेण्याआधी आपल्या पत्त्याला काय जाळता येतं ते नगरपालिकेच्या नकाशात बघा.

याचा शेगडीच्या हत्यारांशी थेट संबंध आहे. जुन्या घरांतले पोकर, म्हणजे निखारे ढोसायच्या सळया, इतके जाडजूड का, असं मला वाटायचं. त्या काळचा बराचसा कोळसा तापला की एकमेकांना चिकटून त्याची साय धरायची. ती फोडल्याशिवाय आत हवा जायची नाही, म्हणून वजनदार सळई लागे. बिनधुराच्या इंधनाचे अंड्याएवढे गोळे असतात, ते असे चिकटत नाहीत. त्यांना फोडायचं नसतं, खालची राख तेवढी झाडायची असते. त्यामुळे मी पोकर हलका घेतला आणि पैसे चिमट्यावर घातले. चिमट्याची टोकं पंजासारखी वळलेली हवीत. ओंडके उचलायच्या चपट्या टोकांत गोळा धरला की तो सटकून गालिच्याकडे धावतो. दुकानात चिमटा हातात घ्या, दहा वेळा उघडमीट करा, खिशातली पेन उचलून बघा. आजी चुलीतला निखारा चिमट्याने उचलून शेगडीत टाकायची तेव्हा तिची नजर दुसरीकडेच असायची. चिमटा असा हवा.

एकाच छोट्या स्टँडवर टांगलेला पोकर-चिमटा-खोरं-कुंचा असा संच दिसतो, त्याला इथे कंपॅनियन सेट म्हणतात. असे बरेचसे संच दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले किंवा त्यानंतरचे. त्याआधी पोकर, चिमटा आणि खोरं हे तीन लांब नग सुटे असायचे आणि फेंडरला टेकवून आडवे ठेवत. मला सुटेच आवडतात. संचाचा स्टँड हलका असेल तर एक नग काढला की बाकीचं बिऱ्हाड कोसळतं.

आता 'खरं जुनं' कसं ओळखायचं. फ्रिजवरचा लोहचुंबक खिशात टाकून जा. भरीव पितळेला तो चिकटत नाही, चिकटला तर आत लोखंड आणि वर मुलामा. पण पोकरची दांडी पोलादीच असते, तिला चिकटला म्हणून नाक मुरडू नका, मुठीला लावून बघा. मग वस्तू उलटी करा. चार फाट्यांचा स्क्रू दिसला तर विचारा, कारण असे स्क्रू 1930 च्या दशकात रूढ झाले. 'व्हिक्टोरियन' चिठ्ठी लावलेल्या वस्तूत तो असेल तर एक तर नंतरची दुरुस्ती आहे, नाही तर चिठ्ठी खोटी आहे. दुरुस्तीत वाईट काही नाही. जाळीची तार बदललेली असेल तर उलट बरंच.

तांब्याच्या बाबतीत मात्र मी थोडी हट्टी आहे. माझं माहेर पुण्याच्या कसबा पेठेत, तांबट आळीतली ठोकठोक ऐकत शाळेत जायचो. मठारलेल्या भांड्यावरचे हातोडीचे ठसे ओळीत असतात, तरी दोन ठसे तंतोतंत सारखे नसतात. इथेही तीच खूण बघते. गलबताचं चित्र उठवलेले पितळी-तांब्याचे स्क्रीन इथे ढिगाने मिळतात, बहुतेक साच्यात दाबलेले. मागून बघितलं की एकसारखा गुळगुळीत खोलगटपणा दिसतो. हाताने उठवलेल्या कामाची पाठ ओबडधोबड असते. लेक डिस्ट्रिक्टमधल्या केझिकला कॅनन (पाद्री) रॉन्सली आणि त्यांच्या पत्नी ईडिथ यांनी 1884 मध्ये धातुकामाचे वर्ग सुरू केले, त्यातून झालेली शाळा 1984 पर्यंत चालली. तिथल्या कामावर 'के. एस. आय. ए.', म्हणजे केझिक स्कूल ऑफ इंडस्ट्रियल आर्ट, असा शिक्का असतो. माझ्याकडे त्यातलं काही नाही, किंमत ऐकून हात मागे घेतला.

घरात लहान मूल असेल तर देखणेपणाचा विचारच सोडा. जुन्या बालखोल्यांत कमरेएवढी उंच जाळी असायची, वर पितळी कड, बाजूंना भिंतीत अडकवायचे आकडे. तिच्यावर दुपटी वाळत घालत. अशी मिळाली तर घ्या, पण आकडे भिंतीत घट्ट बसवा. नुसती उभी केलेली जाळी मूल धरून उभं राहिलं की त्याच्यासकट आडवी होते. 1933 चा इथला एक कायदा आजही लागू आहे. उघड्या शेगडीला पुरेसा आडोसा नसताना 12 वर्षांखालचं मूल भाजून दगावलं किंवा गंभीर जखमी झालं, तर सांभाळणाऱ्या मोठ्या माणसावर गुन्हा होतो.

साफसफाईबद्दल सगळ्या काकू एकच सांगतात, चिंच. मीही त्याच संस्कारातली. फेंडरला चिंच-मीठ चोळून रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी तो गुलाबी झाला होता. पितळेतलं जस्त आंबटाने आधी निघतं आणि वर तांबं उरतं. देवाची भांडी आपण चोळून लगेच धुतो, म्हणून ती वाचतात. आता मऊ फडकं आणि थोडंसं पॉलिश, तेही वर्षातून दोनदा. खाचांमधला काळेपणा तसाच ठेवते, नाही तर नक्षी दिसेनाशी होते.

मापाचं एवढंच, की जाळी शेगडीच्या तोंडापेक्षा दोन्ही बाजूंनी चार बोटं जास्त हवी, आणि फेंडर शेगडीपुढच्या जमिनीवरच्या दगडाच्या आत बसायला हवा. दगडाचं माप फोनमध्ये लिहून न्या. माझा पहिला फेंडर चार इंच मोठा निघाला, तो आता बागेत पुदिन्याभोवती आहे.

आणि हे सगळं घेण्याच्या आधी धुराडं साफ करणाऱ्याला बोलवा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. मी क्रम उलटा केला. पंखा, चिमटे, दुसरा फेंडर घेऊन, घासूनपुसून, दिवाळीला समोर पणत्या लावून झाल्यावर सहा महिन्यांनी तो माणूस आला. त्याने ब्रश वर घातला आणि जॅकडॉ पक्ष्यांच्या घरट्याच्या दोन पोती काटक्या खाली आल्या, चकचकीत फेंडरवर.