हाफटाइमला पब्लिकची चढाई : माझा अनुभव

आमच्या वस्तीतल्या कबड्डी सामन्यात एक परफॉर्मन्स करायचं डोक्यात होतं, पण लोकांनी नुसतं बघून टाळ्या वाजवायच्या असलं नाही, लोकांनीच करायचं. मंडळाचे भाऊ म्हणे ऑर्केस्ट्रा आहे का, बजेट नाही आपल्याकडे. अमेरिकन कलाकार अॅलन काप्रोने १९५९ ला न्यूयॉर्कमध्ये प्रेक्षकांच्या हाती सूचनांची कार्डं दिली होती हेही सांगून पाहिलं, भाऊ जांभई देऊन राहिले. मग नागपूरच्या मारबतीचं, त्या पुतळ्याच्या मिरवणुकीचं नाव काढलं. पिवळी मारबत १८८५ पासून निघते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रस्ताभर लोक 'इडा पिडा घेऊन जाय गे मारबत' ओरडतात, त्यात प्रेक्षक कोण अन् कलाकार कोण? भाऊ म्हणे, असं सांग ना बे आधी.

तर हाफटाइमची पाच मिनिटं. पब्लिकमधून एकेकाने चढाईला यायचं, पण कबड्डी-कबड्डीच्या जागी आपल्याला छळणारी गोष्ट एका दमात म्हणत राहायची, तीस सेकंदांचा नियम तोच. समोर सात जण साखळी धरून, पकडत नाहीत. दम तुटला की तोच शब्द सगळ्यांनी ओरडायचा, मग 'घेऊन जाय!'

पंच अडून बसले. चपलांनी माती खराब होईल म्हणे, बरोबरच होतं त्यांचं. म्हणून चपला बाहेर आणि शिटी पंचांच्याच तोंडात, एवढं ठरलं तेव्हा कुठे मानले.

आधी कोणी येईचना, सगळे मोबाईल काढून उभे. माणसं पेरून ठेवायची मला पटत नाही, ती चीटिंग आहे. शेवटी पोह्याच्या ठेल्यावरच्या काकू पदर खोचून आल्या आणि 'सिलिंडर सिलिंडर' करत थेट समोरच्या अंगणातल्या निदान रेषेपर्यंत जाऊन परत! मग लाइनच लागली, खड्डे, डास, गणित, एक आजोबा 'गुडघा गुडघा' म्हणता म्हणता स्वतःच हसले आणि दम गेला.

एक ताई आल्या, ओठ हलताहेत पण आवाज नाही. नियमाने दम ऐकू यायलाच पाहिजे, पंचांनी शिटी तोंडाला लावली तर बायकांच्या बाजूने 'चालते, चालते' सुरू झालं, पंचांनी शिटी खाली घेतली. साखळीतल्या पोरांना शब्दच माहीत नाही, मग त्यांनी नुसतंच 'घेऊन जाय' केलं, आणि तेच सगळ्यात जोरात झालं.

सेकंड हाफ लेट झाला म्हणून पाहुण्या टीमचे कोच माझ्यावर उखडले. फायनलला पंच स्वतःच म्हणाले, घ्या पुन्हा, पण पाच म्हणजे पाचच मिनिटं.