बिनआवाजाच्या गाडीवरून बावन्न दरवाज्यांचं शहर

मावशी सिडकोत राहते. वय अठ्ठावन्न. तीन वर्षांपूर्वी तिनं इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आणि तेव्हापासून भाजी, बँक, भजनी मंडळ असं सगळं त्याच गाडीवर चालतं. यंदा डिसेंबरात मी लातूरहून छत्रपती संभाजीनगरला गेले, तेव्हा रिक्षा ठरवू म्हणाले, तर ती ऐकेना. "रिक्षावाल्याला थांब म्हणलं की तो घड्याळ बघतो. तू एक गाडी भाड्यानं घे, माझी मी आणते. आपल्याला वाटेल तिथं थांबू." आम्ही दोन दिवस तसेच फिरलो आणि हे शहर मला पहिल्यांदा नीट दिसलं. जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते.

आधी भाड्याच्या गाडीबद्दल. लायसन्स बघतात, आधार कार्डाची प्रत घेतात, डिपॉझिट ठेवावं लागतं. ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत चालणाऱ्या लहान गाड्यांना लायसन्स लागत नाही, पण त्या घेऊ नका. शहरात चढ आहेत आणि जालना रोडवर एवढ्या हळू गाडीवर जीव मुठीत धरून चालवावं लागतं. भाड्याच्या इलेक्ट्रिक गाडीची पाटी हिरवी आणि त्यावरचे आकडे पिवळे असायला हवेत. आकडे पांढरे असतील तर ती खाजगी गाडी आहे, विमा भाड्याच्या प्रवाशाला लागू होईल का ते विचारून घ्या. ताब्यात घेताना सगळ्या ओरखड्यांचे फोटो काढा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, बॅटरी शंभर टक्के दिसली तरी लगेच सही करू नका, आधी दोन-तीन किलोमीटर चालवून बघा. माझ्या गाडीची बॅटरी शंभरवरून नव्वदपर्यंत सहा किलोमीटरांतच आली. शहरात फिरायला ती पुरली, पण दुसऱ्या दिवशी घाटात न्यायची हिंमत झाली नाही. हेल्मेट दोघांसाठी मागून घ्या, मागे बसणाऱ्यालाही ते लागतं.

पहिल्या दिवशी सकाळी सातला निघालो. थंडी होती, हातमोजे नव्हते, बोटं बधिर झाली. टीव्ही सेंटरवरून दिल्ली दरवाज्याला आलो तेव्हा रस्ता जवळजवळ मोकळा होता. ही वेळ चुकवू नका. नऊनंतर याच कमानीपाशी हॉर्नशिवाय काही ऐकू येत नाही. आमच्या गाड्यांना आवाज नव्हता, त्यामुळे सलीम अली सरोवराकडचे पक्षी ऐकू येत होते. मावशी कमानीखाली थांबली आणि वर बघत म्हणाली, "इतकी वर्षं इथून जाते, पण थांबले आज."

मलिक अंबरनं 1610 मध्ये खडकी या गावाच्या जागी हे शहर वसवलं. हबशी गुलाम म्हणून आलेला हा माणूस निजामशाहीचा पेशवा झाला. त्याच्या मुलानं, फतेहखानानं, गावाला फतेहनगर नाव दिलं, 1653 मध्ये औरंगजेबानं औरंगाबाद केलं आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीनं औरंगजेबानं 1682 मध्ये तटबंदी बांधायला घेतली. बावन्न दरवाज्यांचं शहर म्हणतात, पण उभे असलेले मोजले तर निम्मेही भरत नाहीत. जे आहेत त्यातल्या काहींखालून आजही रहदारी जाते, आणि दुचाकीवाल्यासाठी हीच या शहराची गंमत आहे. दरवाजा लांबून बघायचा नसतो, त्यातून जायचं असतं. गाडीत बसून गेलात तर कमानीचा आतला भाग कधी संपला ते कळत नाही. स्कूटरवर दगडाचा गारवा अंगाला लागतो.

दिल्ली दरवाज्यावरून रंगीन दरवाजा, तिथून किल्ले अर्कच्या बाजूनं मकाई दरवाजा आणि खाम नदीवरचा पूल. पूल ओलांडला की बेगमपुरा. मकाई दरवाज्याशी आवर्जून सावध राहा. वाट अरुंद आहे, समोरून येणाऱ्याला तुमची गाडी ऐकू येत नाही. बिनआवाजाच्या गाडीचा हा एकच मोठा तोटा. वळणावर मी न चुकता हॉर्न वाजवत होते, तरी एक म्हातारे गृहस्थ दचकलेच. मी थांबून माफी मागितली. ते म्हणाले, "बाई, आवाज तरी करायचा."

बीबी का मकबऱ्याला गर्दी व्हायच्या आत पोचलो. प्रवेशद्वारावर क्यूआर कोड असतो, मोबाइलवर तिकीट काढता येतं, रांगेत उभं राहायला नको. औरंगजेबाची बायको दिलरास बानू बेगम, तिच्या स्मरणार्थ हे बांधलं. याला कायम ताजमहालाची नक्कल म्हणून हिणवतात, ते मला मनापासून खुपतं. आत शिरताना मुख्य दरवाज्यापाशी थांबा. त्यावर पितळी पत्रा आहे, आणि तिथल्या लेखात वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय यांची नावं आहेत. एवढ्या मोठ्या इमारतीवर बांधणाऱ्यांची नावं किती ठिकाणी वाचायला मिळतात? संगमरवर खाली कमरेच्या उंचीपर्यंत आणि घुमटावर, बाकी काळा पाषाण आणि वर चुन्याचा गिलावा. खर्च 6,68,203 रुपये आणि सात आणे आल्याची नोंद आहे. त्या गिलाव्यातली वेलबुट्टी बघायला सकाळचं तिरपं ऊन हवं. दुपारी सगळं सपाट पांढरं दिसतं.

मकबऱ्यामागून औरंगाबाद लेण्यांकडे रस्ता जातो. जेमतेम तीन किलोमीटर, शेवटचा टप्पा चढाचा. माझी गाडी बॅटरी वाचवणाऱ्या इको मोडवर धापा टाकायला लागली, मोड बदलला तेव्हा चढली. वेरूळ-अजिंठ्याच्या नावाखाली ही लेणी झाकून गेलीत, पण माझ्या मते पहिल्या दिवसाचं खरं फळ इथंच आहे. बारा लेणी, तीन गटांत, बहुतेक सहाव्या-सातव्या शतकांतली. तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेली माणसं कोरली आहेत, जवळजवळ माणसाएवढी. हातात हार, जाड ओठ, केसांच्या निरनिराळ्या ठेवणी. बघताना असं वाटतं की ही माणसं आत्ता उठून मागं सरकतील आणि आपल्याला जागा देतील. मावशी त्यांच्यामागं भिंतीला टेकून बराच वेळ बसली. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, आठ संकटांतून माणसांना सोडवतो: आग, चोर, सिंह, साप, हत्ती, बुडणारं जहाज वगैरे. गाभाऱ्यात एक नाचणारी आणि तिच्याभोवती वाद्यं वाजवणाऱ्या बायका आहेत. आत अंधार आहे, मोबाइलचा उजेड पुरत नाही, साधी टॉर्च न्या. पाणी न्या. पायऱ्या बऱ्याच आहेत, मावशी दोनदा टेकली. वर पोचल्यावर मागं वळून बघा, मकबऱ्याचा पांढरा घुमट खाली वाटीएवढा दिसतो. दहा ते बारा क्रमांकाची लेणी जरा लांब आहेत, ती आमची राहिली.

उतरताना विद्यापीठाच्या परिसरातून आलो. विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळावं म्हणून झालेलं नामांतराचं आंदोलन मावशीनं तरुणपणी पाहिलेलं. विद्यापीठाच्या गेटसमोर तिनं गाडी उभी केली, हेल्मेट काढलं आणि हात जोडले. "चौऱ्याण्णव सालची चौदा जानेवारी," एवढंच म्हणाली. मी काही विचारलं नाही.

पाणचक्कीला महमूद दरवाज्याशेजारून आत जायचं. लोक इथं पंधरा मिनिटांत निघून जातात, कारण चाक फिरतं ते बघितलं की झालं. पाणी कुठून येतं ते समजून घ्या, मग तासभर कमी पडतो. लांबच्या डोंगरातलं झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून, नुसत्या उताराच्या जोरावर, इथवर येतं आणि उंच भिंतीवरून हौदात पडतं. त्या पाण्यानं जातं फिरायचं, फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी धान्य दळलं जायचं. हौदाखाली मोठं दालन आहे, म्हणजे त्या दालनाचं छत म्हणजेच पाण्याचा तळ. आत गेलं की उन्हाळ्यातसुद्धा गार. मलिक अंबरनं त्याआधीच अशाच तंत्रानं नहर-ए-अंबरी आणून शहराला पाणी पाजलं होतं. लातूरकरांनी 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालंय. मी त्या हौदाच्या काठावर बसले तेव्हा आमच्या गल्लीतल्या घागरींची रांग डोळ्यांसमोर आली, आणि चारशे वर्षांपूर्वी एका माणसानं मराठवाड्याचा उतार एवढा बारकाईनं ओळखला होता याचं फार वाटलं.

तिथून भडकल दरवाजा अगदी जवळ. 1612 मध्ये मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून मलिक अंबरनंच बांधलेला. पुढं गुलमंडीत मात्र गाडी नेऊ नका. गल्ल्यांत माणसं, हातगाडे, रिक्षा, पायी फिरा. इथं हिमरूची शाल बघताना सूत आणि रेशीम किती ते दुकानदाराला सरळ विचारा, बाजारात यंत्रावरचा माल बराच असतो. मावशीचं एकादशीचं व्रत होतं, मी एकटीनं नान-खलिया खाल्ला. हळद-गुळाच्या पाण्याचा पिवळा हात फिरवलेला नान, आणि तिखटजाळ रस्सा. दिवसभरात पंचवीस किलोमीटरही झाले नव्हते.

दुसरा दिवस दौलताबाद-वेरूळचा, आणि इथं चार्जिंगचं गणित नीट मांडायला हवं. मावशीच्या गाडीवर दोघी बसलो. एकटीनं शहरात चालवली तर ती पंच्याहत्तर किलोमीटर जाते, कंपनी सांगते त्याहून बरीच कमी. वेरूळ सिडकोपासून पस्तीसच्या आसपास, म्हणजे जाऊन येऊन सत्तर. वरवर पाहता मला वाटत होतं की पुरेल. पण जाताना दौलताबादचा घाट चढावा लागतो, खुलताबादवरून वेरूळला उतरता, आणि येताना तोच उतार चढ होऊन पुढं येतो. शिवाय दोघींचं वजन, समोरचा वारा. वेरूळला पोचलो तेव्हा बॅटरी बेचाळीस टक्के होती.

चार्जर डिकीत होता, म्हणून निभावलं. घरातल्या साध्या तीन पिनी सॉकेटला तो चालतो. जेवणाच्या एका जागी विचारलं, सॉकेट होतं पण भिंतीपलीकडं, आणि आमच्याकडे एक्स्टेंशन नव्हतं. दुसऱ्या ठिकाणच्या काकांनी खिडकीतून वायर सोडली. दोन तास लेणी बघून आलो तोवर पंच्याहत्तर झाली होती. त्यांनी पैसे नाकारले, मावशीनं पन्नास रुपये जेवणाच्या बिलात घालायला लावले. पाच मीटरची एक्स्टेंशन वायर नक्की सोबत ठेवा. उन्हात उभी राहिलेली तापलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नका, थोडी सावलीत थांबवा. एप्रिल-मेमध्ये हा पल्ला दुचाकीवर करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. वार बघून निघा. दौलताबादचा किल्ला आणि वेरूळ एका दिवसात बसवायला जाऊ नका. किल्ल्याच्या पायऱ्या, अंधारी नावाची काळोखी भुयारी वाट आणि वरचा बारादरी महाल मिळून तीन तास सहज जातात, आणि पाय गळाल्यावर घाटात गाडी चालवणं धोक्याचं. आम्ही किल्ल्यातला चाँद मिनार रस्त्यावरूनच पाहिला. रस्ता जुन्या तटाच्या दरवाज्यातून जातो, तिथं उसाच्या ट्रॉल्या आणि बस अडकतात. घाई न करता बाजूला थांबा.

परतताना चढ इको मोडवर हळूहळू काढला. घाट उतरताना ब्रेकनं बॅटरी परत भरते, एक टक्का वाढलेला मी स्वतः पाहिला. खाली दौलताबादच्या पेरूच्या टोपल्या होत्या. मी वेग घेतला होता, तेवढ्यात मागून मावशी म्हणाली, "कशाला पळवायलीस गं? पेरू घे की." दोन किलो घेतले, डिकीत चार्जरच्या वर ठेवले. मिटमिट्यापर्यंत सूर्य पाठीशी होता. घरी पोचलो तेव्हा एकवीस टक्के शिल्लक होते.